पगार कुठे मुरावा



पैशाने सुख मिळते का, हा प्रश्न पगार सुरू झाला की मागे पडतो. मग कोणत्या खर्चाने मिळते, एवढाच प्रश्न उरतो. २०१० साली डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या आकड्यांवरून असे मांडले की वर्षाला ७५,००० डॉलरच्या आसपास रोजच्या आनंदाची चढण थांबते. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना ती चढण पुढेही चालू दिसली. २०२३ मध्ये या वादातल्या दोन्ही बाजूंनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो, मात्र मुळात सर्वांत दुःखी असलेल्यांचा एका मर्यादेनंतर वाढत नाही, असे त्यातून निघाले. हे डॉलर रुपयांत फिरवून आपली पायरी शोधण्यात काही अर्थ नाही. तंगीतले दुःख पैशाने कमी होते आणि त्यापलीकडचे बरेचसे खर्च कसा होतो यावर ठरते, एवढे त्यातून घ्यावे.

तंगी सर्वांत लवकर येते ती उधारीतून. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते आणि पहिल्या नोकरीतली मुले तीच भरून निश्चिंत होतात. समजा ४०,००० रुपये थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज झाले १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २५२. अशा वेळी २,००० रुपये भरले, तर मूळ थकबाकी फक्त ३४८ रुपयांनी उतरते. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागू होते. सावकारी दराला नाक मुरडणारी माणसे कार्डाचा हा वार्षिक बेचाळीस टक्क्यांचा दर मुकाट्याने भरतात, हे नवलच. बिल दर महिन्याला पूर्ण भरता येत असेल तर कार्ड उपयोगी आहे; नसेल तर ते घरात नसलेलेच बरे.

कार्डाचा दुसरा परिणाम सूक्ष्म आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली दाखवले की रोख द्यायचे असेल त्यापेक्षा कार्डाने द्यायचे असेल तेव्हा लोक सामन्याच्या तिकिटासाठी कितीतरी जास्त बोली लावतात. नोट हातातून जाताना जे टोचते, ते कार्डात टोचत नाही. २०१६ पासून आलेल्या यूपीआयमध्ये पैसे त्याच क्षणी खात्यातून जातात खरे, पण स्कॅन करताना जाणवत नाहीत. मराठी घरांत पूर्वी पगाराच्या दिवशी पाकिटे करण्याची रीत होती: भाडे, किराणा, दूधवाला, फी. किराण्याचे पाकीट संपले की महिनाअखेर पिठलेभातावर भागायचे. रिचर्ड थेलर यांनी मनातल्या अशाच वेगवेगळ्या खात्यांचा सिद्धान्त मांडला आणि त्यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आज ते पाकीट म्हणजे दुसरे बचत खाते. पगाराच्या खात्यातून महिन्याची रक्कम तिकडे वळवावी आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडावे.

बचतीबद्दल थोडक्यात. आधी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी असावी. तिच्यावर व्याज किती मिळते यापेक्षा ती मागितल्या दिवशी मिळते की नाही हे महत्त्वाचे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. अर्धा टक्का जास्त देणाऱ्या ओळखीच्या संचालकाकडे पैसे ठेवताना हे विसरले जाते. लांबच्या बचतीसाठी पीएफ, पीपीएफ, एसआयपी आहेतच. पीपीएफ आणि एसआयपीची कपात पगाराच्या दुसऱ्याच दिवशी व्हावी. महिनाअखेर उरेल ते टाकू, असे म्हणणाऱ्याचे सहसा काही उरत नाही.

यानंतर उरलेला पैसा वस्तूंकडे ओढला जातो. नवा फोन पहिले काही आठवडे सुख देतो, मग तो फक्त फोन असतो आणि हप्ते मात्र चालू राहतात. याउलट रोज सोसावा लागणारा त्रास सवयीने तितकासा बोथट होत नाही. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुत्झर यांनी जर्मनीतली माहिती तपासली, तेव्हा लांबच्या प्रवासाने कामावर जाणारे आयुष्याबद्दल कमी समाधानी आढळले. जास्त पगाराने किंवा स्वस्त घराने ती उणीव पुरती भरून निघत नव्हती. पुण्यात हडपसरला राहून हिंजवडीला जाणाऱ्याला हे सांगायला जर्मनीची गरज नाही. ऑफिसजवळच्या खोलीला महिना ५,००० रुपये जास्त पडतात आणि रोजचे अडीच तास वाचतात असे धरले, तर २२ दिवसांचे ५५ तास होतात, म्हणजे ताशी नव्वदएक रुपये. त्या तासांत झोप होते, स्वयंपाक होतो, मित्र भेटतात. इतक्या स्वस्तात दुसरे काही मिळत नाही.

वेळ विकत घेणे आपल्याकडे अजून उधळपट्टीत मोडते. २०१७ साली व्हँकुव्हरमधल्या नोकरदारांना एका आठवडाअखेरीस वस्तूंसाठी आणि दुसऱ्या वेळी वेळ वाचवण्यासाठी ४० डॉलर दिले गेले. वेळ वाचवला त्या दिवशी ते जास्त खुशीत होते. धुणेभांड्याला बाई लावणे हा असाच खर्च, फक्त वाचलेला तास मोबाइलवर जाऊ नये आणि बाईंच्या पगारात घासाघीस होऊ नये.

अनुभवांवरचा खर्चही वस्तूंपेक्षा टिकाऊ ठरतो, विशेषतः सोबत कोणी असेल तर. नाटकाची तिकिटे आठवडाभर आधी काढली की पैसे गेल्याचे विसरायला होते आणि वाट पाहण्याची मजा वर मिळते.

एलिझाबेथ डन, लारा अक्निन आणि मायकेल नॉर्टन यांच्या २००८ च्या प्रयोगात काहींना ५ तर काहींना २० डॉलर देऊन संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले होते. दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदी निघाले. रक्कम किती होती याने फरक पडला नाही. मात्र देणे आणि उसने देणे वेगळे. मित्राला उसने द्यायची रक्कम बुडाली तरी मैत्री टिकेल एवढीच असावी, आणि जामीन राहण्याची गळ कोणीही घातली तरी सही करू नये.

राहिले कागद: प्रत्येक खात्यावर, पीएफवर आणि विम्यावर नॉमिनीची नोंद करून त्यांची यादी आईच्या कपाटात ठेवावी.