परसातील कोंबड्यांचे अल्पखर्ची खुराडे

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात अनेक घरांच्या परसात पाच-दहा कोंबड्या बाळगण्याची जुनी वहिवाट आहे. त्यांच्यावर घरधन्याचे लक्ष क्वचितच असते. त्यांचे दाणापाणी, अंडी आणि अंड्यांचा पैसा हा सर्व व्यवहार घरातील स्त्रीच्या हाती असतो. या कोंबड्यांची रात्रीची सोय बहुधा दोन प्रकारची आढळते. काही ठिकाणी वेळूचे डालगे पालथे घालून त्यावर दगड ठेवतात. काही ठिकाणी ओसरीच्या कट्ट्याखाली किंवा गोठ्याच्या भिंतीत दगडामातीचे, हातभर तोंडाचे खुराडे असते. डालगे कुत्र्याच्या एका धडकेने उलटते. दगडी खुराड्यात मुंगूस शिरत नाही हे खरे. परंतु त्यात हवाही शिरत नाही.

या दुसऱ्या दोषाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो व तो कोंबडीच्या डोळ्यांस आणि श्वासनलिकेस इजा करतो. पहाटे खुराड्याचे तोंड उघडताच माणसाच्या डोळ्यांना वास झोंबत असेल, तर आतील पक्ष्यांनी तो रात्रभर सोसलेला असतो. पावसाळ्यात कोंबड्या घरघरू लागल्या की साथ आली असे समजण्यात येते. कित्येकदा कारण खुराड्यातच असते. म्हणून नवे खुराडे बांधताना खाली बंदोबस्त व वर हवा, या दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. त्या थोड्या खर्चात साधतात.

खर्च किती करावा याचे मोजमाप अंड्यांत करणे सोयीचे, कारण बाजारभाव बदलला तरी हा हिशेब बदलत नाही. गावठी कोंबडी वर्षाकाठी साधारणतः ६० ते ८० अंडी देते. दहा कोंबड्यांची निदान ६०० अंडी धरली, तर त्यांतील काही खुडूक कोंबडीखाली जातात, काही घरात खाल्ली जातात. तेव्हा खुराड्यावरील रोख खर्च ३०० अंड्यांच्या किमतीच्या आत राहील असे पाहावे. त्यापुढे गेल्यास खुराडे कोंबड्यांच्या जिवावर नव्हे, घराच्या जिवावर उभे राहते.

जागेची निवड

या भागात पावसाचे मान थोड्या अंतरात फार बदलते. खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे अथणीस तो ६०० मिलिमीटरांच्या आसपास येतो. बेळगाव, खानापूर, हुक्केरीचा पश्चिम भाग व निपाणी येथे जमिनीवरचे खुराडे आषाढात ओलसरच राहणार. तेथे दोन फूट उंच पायांवरील मचाणवजा खुराडे उत्तम. चिकोडीच्या पूर्वेस, रायबाग व अथणीकडे जमिनीवर भाताचे तूस किंवा भुईमुगाची कोरडी टरफले तीन-चार इंच पसरून केलेली गादी चालते. मात्र टरफलांस बुरशीचा वास येत असल्यास ती वापरू नयेत.

पावसाची झड पश्चिमेकडून व नैऋत्येकडून येते. यासाठी खुराडे घराच्या पूर्वेस, घराच्या भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून मांडावे. घराचीच आडोशाची भिंत फुकट मिळते आणि सकाळचे कोवळे ऊन आत येते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी.

नदीकाठच्या गावांस आणखी एक विचार अवश्य आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बंगळूर महामार्गावर आले व वाहतूक बंद पडली. अशा पुरात माणसे व जनावरे हलविताना परसातील कोंबड्यांची आठवण शेवटी होते. वेदगंगा-दूधगंगेच्या काठी खुराड्याचे पाय जमिनीत पुरू नयेत. ते सपाट दगडांवर टेकवावेत आणि तळाशी दोन लांब वासे दोन्ही टोकांस हातभर बाहेर राहतील असे बांधावेत. कौले उतरविली की चौघांना ते पालखीसारखे उचलून उंचावर नेता येते.

सांगाडा, तळ व छप्पर

दहा कोंबड्या व एक कोंबडा यांच्यासाठी पाच फूट लांब व तीन फूट रुंद खुराडे पुरेसे आहे, कारण दिवसभर हे पक्षी बाहेरच चरतात. आतील उंची उत्तरेस चार फूट व दक्षिणेस अडीच फूट ठेवल्यास कौलांस हवा तेवढा उतार मिळतो. सांगाडा चिव्याचा किंवा मेसाचा करावा. अमावास्येस तोडलेल्या वेळूला घूण लागत नाही असा समज आहे. घूण लागतो तो वेळूतील पिष्टमय अंशामुळे. पाऊस संपल्यावर पक्के वेळू तोडून पंधरा-वीस दिवस पाण्यात बुडवून ठेवले, तर तो अंश बराच निघून जातो. मग अमावास्येची वाट पाहावी लागत नाही.

तळ चिव्याच्या कामट्यांचा करावा व दोन कामट्यांत पाऊण इंच फट ठेवावी, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि पाय अडकत नाही. लहान पिले असताना तळावर गोणपाट अंथरावे. खाली पडलेली विष्ठा आठवड्यातून दोनदा ओढून उकिरड्यात टाकावी. ताजी विष्ठा उष्ण असते, ती कुजविल्याखेरीज भाजीच्या बुंध्याशी घालू नये.

छपरास जुनी मंगळूरी कौले सर्वांत बरी. पत्रा एप्रिलमध्ये तापतो. तो घातलाच तर त्यावर उसाचे पाचट पसरावे. नुसत्या पाचटाचे छप्पर बिनपैशाचे असले तरी त्यात उंदीर घर करतात व उंदरांमागून धामण येते. पागोळ्या भिंतीपासून दीड फूट दूर पडतील एवढे छप्पर पुढे काढावे.

भिंती आणि जाळी

खर्चाचा मोठा वाटा येथेच पडावा. पश्चिमेची भिंत कामट्यांच्या घट्ट कुडाची करून शेणमातीने पूर्ण लिंपावी. दक्षिणेचा कुड वर सहा इंच सोडून थांबवावा. उत्तर व पूर्व बाजूंस दीड फुटापर्यंत कुड व त्यावर छपरापर्यंत जाळी असावी. अशा रचनेत बसलेल्या कोंबडीच्या अंगावर थेट वारा येत नाही आणि दूषित हवा डोक्यावरून निघून जाते. थंडीत व झडीत वरून गोणपाट सोडता येते.

बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. मुंगसाचे पोर तिच्या छिद्रातून शिरते आणि रानमांजर तिच्या तारा उचकते. अर्धा इंच चौकटीची वेल्ड केलेली जाळीच घ्यावी. वरील मापाच्या खुराड्यास ती सुमारे २० चौरस फूट लागते. वाचविण्याजोगी ही रक्कम नव्हे. मुंगूस आत शिरल्यावर एक कोंबडी घेऊन जात नाही, हाती लागतील तेवढ्या मारते. जाळीत वाचविलेले पैसे एका रात्रीत असे परत जातात. पायांवर तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा उलट्या नरसाळ्यासारखा बसविल्यास उंदीर वर चढत नाहीत. तळाभोवती बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्या रचाव्यात.

उत्तरेकडे कोंबड्यांसाठी एक फूट रुंदीचे दार व त्याला आडव्या पट्ट्यांची शिडी असावी. सफाईसाठी पूर्वेची सर्व बाजू बिजागरीवर उघडेल अशी करावी. जेथे हात पोहोचत नाही तेथे गोचीड राहते. ती दिवसा फटीत लपते व रात्री रक्त पिते. दिवाळीनंतर व पावसाळ्यापूर्वी असे वर्षातून दोनदा आतून चुना द्यावा. दोन्ही दारांस कडी-कोयंडा लावावा. सुतळीने बांधलेले दार हे दार नव्हे.

बैठक व अंड्यांची जागा

खानापूरच्या रानात राखी रानकोंबडा रात्री झाडावर बसतो. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा असला, तरी तिच्या पायांचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. उंचावर बसण्याची ओढ दोन्हीकडची. म्हणून दीड ते दोन इंच जाडीचे, कडा घासलेले दोन दांडे एकाच उंचीवर बसवावेत; एक उंच ठेवल्यास त्यासाठी भांडणे होतात. दर पक्ष्यास आठ इंच जागा धरली, तर चार-चार फुटांचे दोन दांडे पुरतात. बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील गिरिराज किंवा हैदराबादचा वनराजा हे सुधारित पक्षी अंगाने जड असतात. त्यांच्यासाठी दांडा तळापासून फूटभर उंचच ठेवावा, नाहीतर उतरताना पाय दुखावतो.

पश्चिमेच्या अंधाऱ्या टोकास उरलेल्या फूटभर जागेत तीन बुट्ट्या ओळीने ठेवून त्यांत भाताचे पिंजर घालावे. त्या दांड्यांपेक्षा खाली असाव्यात. वर असल्यास कोंबड्या त्यांतच झोपतात व अंडी घाण होतात.

निपाणीकडे तंबाखूची काडी व भुकटी सहज मिळते, आणि ती बुट्टीत घातल्यास उवा-पिसवा जातात असे सांगितले जाते. परदेशांत पूर्वी निकोटीन सल्फेटचा द्रव बैठकीच्या दांड्यांस फासत असत, हे खरे आहे. परंतु निकोटीन कोंबडीसही विषच आहे व ते कातडीतूनही अंगात भिनते. तंबाखूचा कचरा गादीस किंवा अंड्यांच्या बुट्टीत मुळीच वापरू नये. तंबाखूच्या बोदांचे गोणपाट पडद्यास घ्यावयाचे असल्यास ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन उन्हात वाळवावे. उवा-पिसवांसाठी परसात राख व कोरडी माती भरलेली एक खळगी पुरे. कोंबड्या तीत स्वतःच लोळतात.

पिले आणतानाच मानमोडीच्या लसीची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून ठेवावी. पहिली लस पहिल्या आठवड्यातच द्यावयाची असते.

नव्या खुराड्यात कोंबड्या आपण होऊन जात नाहीत. जुन्या कट्ट्याकडे किंवा झाडाकडे धावतात. पहिले पाच-सहा दिवस त्यांना दिवसाही आतच ठेवून दाणापाणी द्यावे. पुढे दिवेलागणीच्या थोडे आधी मूठभर दाणे आत टाकावेत. वखारीतून किंवा शेतातून घरी यावयास ज्या स्त्रीस उशीर होतो, तिने कडी लावण्याचे काम घरातील एका ठरावीक मुलाकडे सोपवावे आणि त्याला कोंबड्या मोजूनच कडी लावावयास शिकवावे.