खिडक्या आणि पडदे

मेजावर चार कागद पसरले, की एकाखाली दुसरा झाकला जातो. १९८४ साली आलेल्या मॅकिन्टॉश संगणकाने हीच रीत आपल्या नऊ इंची, कृष्णधवल पडद्यावर आणली. एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या त्यावर उघडत; मात्र सर्वांना एकच पडदा वाटून घ्यावा लागे. १९८५ च्या अटारी एसटीवरील 'जेम' प्रणालीतही हीच व्यवस्था होती.

त्याच वर्षीच्या अमिगा संगणकाने निराळी वाट धरली. त्यात खिडक्या तर होत्याच. शिवाय एकामागे एक असे अनेक पडदे उघडता येत. चित्रासाठी एक, हिशेबासाठी दुसरा. प्रत्येकाचे रंग आणि ठिपक्यांची दाटी वेगळी. पुढच्या पडद्याची वरची पट्टी माउसने धरून खाली ओढली, की मागचा पडदा डोकावू लागे. हे कसे साधे? चित्रनळीवर चित्र वरून खाली, एकेक ओळ करून उमटते. 'कॉपर' नावाचा सहायक घटक ठरावीक ओळ येताच रंग व मांडणी बदलून टाकी. एकाच ओळीत दोन मांडण्या मात्र बसत नसत. म्हणून दोन पडदे वर-खालीच दिसत, शेजारी-शेजारी नव्हे.

ही सोय फुकट नव्हती. ३२० गुणिले २०० ठिपक्यांच्या १६ रंगी पडद्याला ३२,००० बाइट लागत आणि मूळ यंत्राची स्मृती होती २५६ किलोबाइट. असे चार पडदे उघडले, की जवळजवळ निम्मी स्मृती संपे. तंगीच्या घरात प्रत्येकाला स्वतंत्र खोली देण्याचाच हा प्रकार! मॅकिन्टॉशच्या एकुलत्या पडद्याला सुमारे २२,००० बाइट पुरत. त्याची एकूण स्मृतीच १२८ किलोबाइट होती.