पश्चिमेची भिंत आणि वैशाखातली सावली

शंका : आमच्या घराची पश्चिमेकडची झोपायची खोली रात्री १० वाजताही तापलेली असते. कूलर पहाटेपर्यंत बंद करता येत नाही. दक्षिणेला पानगळीची झाडं लावली की उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन मिळतं, असं एका पुस्तकात वाचलं. बहावा लावू का? (नागपूर)

समाधान : बहावा जरूर लावा, पण फाटकाशी, फुलांसाठी. सावलीसाठी नको. ते पुस्तक थंड मुलखातलं असणार. तिकडची झाडं हिवाळ्यात पानं टाकतात, आपल्याकडची बरीचशी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो तेव्हा त्याच्या अंगावर पान नावापुरतंच असतं. गुलमोहराचीही तीच तऱ्हा. मी स्वतः हौसेनं घराच्या पश्चिमेला गुलमोहर लावला होता. एप्रिलभर भिंतीवर काटक्यांची आणि वाळक्या शेंगांची जाळी पडायची, तेवढीच काय ती सावली!

दक्षिणेचा हट्टही सोडा. मेअखेरीस नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो, भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. मार बसतो तो छताला आणि पश्चिमेच्या भिंतीला. नऊ इंची विटांच्या भिंतीनं दुपारी गिळलेली उष्णता आत पोचायला काही तास घेते, म्हणून तुमची खोली रात्री तापते. आज जेवणं झाल्यावर त्या भिंतीला आतून तळहात लावून बघा. कूलरची झुंज कोणाशी चाललीय ते कळेल.

करंज लावा. चैत्रात तो नव्या पोपटी पालवीनं भरू लागतो आणि सावली गर्द देतो. कडुनिंबही चालेल. माघ-फाल्गुनात पानं गाळून ऊन तापेपर्यंत तो पुन्हा हिरवा होतो, पण त्याला जागा ऐसपैस लागते. खड्डा भिंतीपासून दहा फुटांवर घ्या आणि नेमक्या पश्चिमेऐवजी थोडा वायव्येकडे सरकवा, कारण मे-जूनमध्ये सूर्य तिकडे झुकून मावळतो. चारच्या सुमारास ऊन साधारण ३५ अंशांत तिरपं येतं. अशा वेळी दहा फुटांवरचं पंधरा फुटी झाड भिंत आठेक फुटांपर्यंत झाकतं. म्हणजे खिडकीही आलीच त्यात.

झाड वाढेपर्यंतची वर्षं वेलांवर काढा. भिंतीपासून फूटभर अंतर सोडून बांबू-सुतळीचा ताटवा उभा करा आणि फेब्रुवारीत दोडका किंवा दुधी लावा. एप्रिलमध्ये हिरवा पडदा तयार. वेल भिंतीला चिकटू देऊ नका, पावसाळ्यात ओल धरेल. शिवाय मधल्या फटीतून तापलेली हवा वर निघून जायला हवी.

शंका : एसीचं बाहेरचं युनिट उन्हात आहे. त्यावर मधुमालती चढवली, तर वीजबिल कमी येईल का? (पुणे)

समाधान : उलट वाढेल. त्या युनिटचं कामच गरम हवा बाहेर फेकणं. वेलीनं तोंड दाबलं की तीच हवा फिरून आत येते आणि कॉम्प्रेसर दमतो. वरून सावली चालेल. समोर चार-पाच फूट मोकळं आणि मागून हवा घ्यायला वाट, एवढं सांभाळा.

शंका : गच्चीवर फूटभर माती टाकून हिरवळ करायची आहे. वरच्या मजल्यावरचा उकाडा कमी होईल ना? (सोलापूर)

समाधान : उकाडा कमी होईल, पण स्लॅबचं काय? फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला ५०० किलोच्या वर वजन. वापरायच्या गच्चीवर माणसं-सामान धरून चौरस मीटरला साधारण १५० किलो भार गृहीत धरतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय मातीचं पोतंही वर नेऊ नका. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हिरवळीला पाणी कुठून आणणार? त्यापेक्षा गच्चीला पांढरा चुना मारा. कडेला, बीमच्या वर कुंड्या ठेवून त्यावरून कारल्या-घोसाळ्याचा मांडव करा. ऊन मांडवावरच अडतं आणि स्लॅबवरून वारा खेळतो. मांडवाचे पाय मात्र कठड्याला तारेनं आवळा. वळवाचं वादळ आलं की मांडव शेजाऱ्याच्या अंगणात सापडतो.

शंका : घराभोवती चारही बाजूंनी दाट झाडी करावी म्हणतो. योग्य होईल? (रत्नागिरी)

समाधान : नागपूरकरांना दिलेला सल्ला तुम्हांला जसाच्या तसा लागू नाही. तुमच्याकडे हवा मुळातच दमट, घामानं जीव नको होतो तो वारा पडला की. खाऱ्या वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला, दाट कुंपण करू नका. तिथं माड आणि पोफळी बऱ्या. झावळ्यांची सावली वर आणि खोडांमधून वारा सरळ खिडकीत. फणस, आंबा पूर्वेला किंवा परसात लावा. आणि माड पायवाटेच्या नि छपराच्या डोक्यावर येणार नाही एवढं बघा. नारळ पडतो तेव्हा विचारून पडत नाही.