डायनासोरचं हाड कुणी हातात ठेवलं तर

मार्केट यार्डात आमचा भुसार मालाचा गाळा आहे. मला जीवाश्मांचा नाद आहे हे ओळखीच्यांना ठाऊक असल्यामुळे गावाकडे काही वेगळं सापडलं की ते माझ्यापर्यंत येतं. सोबत दोन प्रश्नही येतात: डायनासोरचं आहे का, आणि किती येतील?

१. हाडाच्या आधी खडक बघायचा असतो, हे मला उशिरा उमगलं. पुण्याभोवतीचा सगळा मुलूख लाव्हाचा आहे. बिबवेवाडीत पाया खोदताना हाडासारखं काही निघालं, तरी ते डायनासोरचं असण्याची आशा जवळजवळ नसतेच. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो आणि मलाही वाईट वाटतं. मग मी त्याला वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हन्साइट दाखवतो. आपल्या याच काळ्या दगडाच्या पोकळीत वाढलेल्या या स्फटिकासाठी जगभरचे संग्राहक झुरतात. हाडं हवी असतील तर लाव्हाखाली दबलेल्या लामेटा थरांकडे, म्हणजे चंद्रपूर-नागपूरकडे किंवा पलीकडे जबलपूरला जावं लागतं. जबलपूरला १८२८ मध्ये ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना मिळालेली हाडं ही भारतातल्या डायनासोरांची पहिली नोंद.

२. आकार फसवतो. झिजलेला गोटा हुबेहूब मांडीच्या हाडासारखा दिसू शकतो. खरी ओळख तुटलेल्या कडेवर भिंग धरलं की पटते: बाहेर घट्ट थर, आत बारीक जाळी. जाळीऐवजी सरळ रेषा किंवा वलयं दिसली तर ते बहुधा दगड झालेलं लाकूड. हाड जिभेला चिकटतं म्हणतात, तेही खरं आहे. पण छिद्रं खनिजानं पुरती भरली असतील तर चिकटत नाही, आणि कोरडी माती मात्र खुशाल चिकटते.

३. लिलावाचे आकडे ऐकून माणसं हरखतात. १९९७ मध्ये 'सू' नावाचा टी. रेक्स ८३.६ लाख डॉलरला गेला, २०२४ मध्ये 'एपेक्स' हा स्टेगोसॉरस ४.४६ कोटी डॉलरला. हे जवळपास पूर्ण सांगाडे होते. सुट्या तुकड्याचा भाव प्राणी कोणता, हाड कुठलं आणि त्यातलं अस्सल किती यावर ठरतो. डिंक-भुकटीनं जोडलेले तुकडे बाजारात पुष्कळ असतात. अतिनील दिव्याखाली जोड बहुधा वेगळा चमकतो.

४. सगळ्यात मोठी किंमत गावाच्या नावाला असते. आमच्या फळबाजारात हापूसची पेटी आली की आधी विचारतात, देवगडचा की कर्नाटकचा? हाडाचंही तसंच. कुठल्या शिवारात, कुठल्या थरात, शेजारी काय होतं, हे हरवलं की अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग उरत नाही. वरोरा तालुक्यातल्या डोंगरगावची हाडं कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी जागेवरच नोंदी करत काढली, म्हणून आज 'आयसीसॉरस' हा प्राणी जगाला ठाऊक आहे. म्हणून मी कळकळीनं सांगतो: उपटू नका, धुऊ नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, गट क्रमांक लिहा आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

५. हाडापेक्षा शेण मोलाचं ठरू शकतं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. डोंगरगावजवळच्या पिसदुऱ्याला दगड झालेल्या शेणाचे गोळे सापडतात, बहुधा टायटॅनोसॉर या महाकाय डायनासोरांचे. त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले आणि २००५ मध्ये सिद्ध झालं की डायनासोर गवत खात होते. तोवर त्यांच्या काळात गवत होतं याचा भक्कम पुरावाच नव्हता. पुढे २०११ मध्ये तशाच गोळ्यांत भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणा निघाल्या. आंबेमोहर आणि इंद्रायणीची पोती बघत वाढलेल्या मला हे वाचून किती आनंद झाला, कसं सांगू! आता वरोऱ्याकडचं कुणी हाड घेऊन आलं की मी भावाचं बोलतच नाही. आधी विचारतो, तिथे आसपास तपकिरी, लांबट गोळे पडलेले होते का?