पिठाच्या हत्तीला घाम का येतो?

धाकट्या भावंडासाठी मे महिन्यात पिठाचा हत्ती करा. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि थोडेथोडे घालत सुमारे पाऊण वाटी पाणी घ्या. गोळा भरपूर मळा. मैद्यातील प्रथिनांचे ग्लुटेन नावाचे चिवट जाळे बनते, म्हणून सोंड ओढली तरी तुटत नाही. (मळण्याचे काम धाकट्यालाच द्या, तो ते आनंदाने करील! मात्र गोळा खाऊ देऊ नका. एवढे मीठ लहान मुलाला घातक ठरू शकते.) पंख्याखाली काही दिवसांत हत्ती टणक होतो.

जुलैत मात्र, तुम्ही अंधेरीत राहा की मुलुंडला, तोच हत्ती ओलसर लागतो. सोंड लोंबू लागते. छप्पर तर गळत नाही. मग पाणी आले कोठून?

हवेतून! सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतील वाफ ओढून विरघळू लागते. मिठागरातील खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. त्याला याहून कमी आर्द्रता पुरते.

मग मीठ वगळावे का? वगळून पाहाच. पावसाळ्यात बिनमिठाचा ओला हत्ती ठेवला, तर काही दिवसांत त्यावर बुरशी दिसेल. मीठ पाणी धरून ठेवते, बुरशीला मिळू देत नाही. जो गुण हत्तीला घाम आणतो, तोच त्याला बुरशीपासून वाचवतो.

आता मिठाचे दोन वाळलेले हत्ती घ्या. एक उघडा ठेवा, दुसरा भाजून गार केलेल्या तांदळासह घट्ट झाकणाच्या डब्यात. दर शनिवारी शाळेच्या तराजूवर दोघांचे वजन करून वहीत नोंदवा.