शेततळ्यास अस्तर कोणते घालावे?

मुंबई उपनगरात पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीत साठविलेले पाणी झिरपून जाते व ऐन उन्हाळ्यात भाजीपाला वाळतो. अशा ठिकाणी शेततळ्यास अस्तर घालणे अगत्याचे आहे.

चिकणमातीचे अस्तर स्वस्त पडते. मात्र कोरडे होताच ते भेगाळते. सिमेंटचे अस्तर टिकाऊ, परंतु खर्चिक असते व जमीन खचल्यास तडकते. पातळ, साधे पॉलिथिन उन्हाने लवकर ठिसूळ होते. यास्तव ५०० मायक्रॉन जाडीचे, उन्हास टिकणारे एचडीपीई कापड निवडावे व त्यावर भारतीय मानक १५३५१ चे चिन्ह पाहून घ्यावे.

अंथरण्यापूर्वी दगड व मुळ्या काढून पृष्ठभाग चोपावा. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व १ मीटर खोल अशा उभ्या बाजूंच्या तळ्यास ७ × ६ मीटर कापड लागते. यात काठाच्या चरात गाडावयाचा अर्धा मीटर धरला आहे.

ओले अस्तर अत्यंत निसरडे असते. आत पडलेल्या मुलास वर चढता येत नाही. म्हणून पाणी भरण्यापूर्वीच कुंपण घालावे आणि गाठी मारलेले दोर काठास बांधून तळापर्यंत कायम सोडून ठेवावेत.