मळीच्या पंपाविषयी

चि. सौरभ यास,


साखर कारखान्यात मळीचे पंप तुझ्याकडे आलेत, तेव्हा एक गोष्ट आधी मनात पक्की कर. गिअर पंप दाब तयार करत नाही. तो ठरलेलं माप पुढे नेतो. सक्शनच्या बाजूला दात एकमेकांतून सुटतात, जागा मोकळी होते आणि मळी आत शिरते. ती दोन गिअरच्या मधून जाते असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ती दातांच्या खाचांत भरून केसिंगच्या कडेकडेने पलीकडे जाते, आणि मधे दात गच्च बसलेले असल्याने तिला परतीची वाट राहत नाही. दाब किती चढायचा, ते पुढची पाइपलाइन ठरवते. लोब, स्क्रू, व्हेन या पंपांची रूपं वेगळी, तत्त्व हेच.

म्हणून डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून हा पंप कधीही सुरू करू नकोस. सेंट्रिफ्यूगल पंपाचा दाब एका मर्यादेवर थांबतो. इथे काहीतरी फुटेपर्यंत किंवा मोटर ट्रिप होईपर्यंत तो चढतच जातो. ‘रिलीफ व्हॉल्व्ह आहे की,’ असं कोणी म्हणेल. तो अडचणीच्या वेळेसाठी आहे, प्रवाह कमी करण्यासाठी नाही. पंपाच्या अंगचा रिलीफ व्हॉल्व्ह मळी पुन्हा सक्शनलाच सोडतो आणि तीच मळी फिरून फिरून तापते. प्रवाह कमी हवा असेल तर फेरे कमी कर.

मग स्वस्त, सुटसुटीत सेंट्रिफ्यूगलच का नको? प्रश्न रास्त आहे, आणि पाण्यासाठी तोच घ्यावा. पण द्रव दाट झाला की सेंट्रिफ्यूगल पंपाचा प्रवाह, हेड आणि कार्यक्षमता, तिन्ही घसरतात. गिअर पंपात दाटपणा उपयोगी पडतो, कारण फटींतून मागे गळणारी स्लिप त्यामुळे कमी होते. डांबर, वंगण तेल, चॉकलेट यांनाही असेच पंप लागतात ते यासाठी. ‘घट्ट फटी लवकर झिजतात’ हा आक्षेपही खरा आहे. दाट द्रवात फट दुप्पट झाली तर स्लिप सुमारे आठपट होते, म्हणून वाळू-कचरा आत जाऊ देऊ नकोस. मात्र त्यासाठी बारीक जाळी लावून सक्शनच कोंडू नकोस. थंडीच्या पहाटे मळी घट्ट होते, खाचा पुरत्या भरत नाहीत आणि पंप खडखडतो. अशा वेळी वेग वाढवला तर खाचा आणखीच रिकाम्या राहतात. त्यापेक्षा मोठा पंप हळू चालव, आणि सक्शनचा पाइप आखूड नि रुंद ठेव.

तुझा,
मामा